दरोडेखोर बाईचा परवाना

२२ ऑगस्ट १९५६, काचीगुडा

जिल्ह्याच्या कलेक्टरांचं उत्तर आलं. नाही म्हणाले. कारण एका ओळीत: अर्जदार बाईस दरोडा व गोळी घालून जखमी करणे या गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेली असल्याने बंदुकीचा परवाना देता येत नाही.

तुरुंगात माझ्या बराकीतल्या इंदुताईंनी मला लिहायला शिकवलं तेव्हा म्हणाल्या होत्या, सावित्री, ज्या दिवशी फार राग येईल त्या दिवशी लिही, भिंतीवर हात आपटण्यापेक्षा ते बरं. म्हणून आज वही काढली.

बंदूक मला मिरवायला नको. पैनगंगेच्या वळणावर, किनवटच्या जंगलाला लागून, पिंपळधऱ्याला बाबांचं शेत आहे. मी आत गेल्यापासून ते पडीक होतं. या वर्षी गावच्या भिवाजीनं बटईनं ज्वारी पेरली, ती माझ्या शब्दावर. मी म्हणाले, कणसं भरायच्या आत परवाना आणते, स्वतः येऊन शेतात राहते, तू पेर. तिकडे बंदुकीशिवाय पीक घरात येत नाही. रानडुकरांचा कळप एकदा शिरला की सकाळी नुसती ताटं आडवी पडलेली दिसतात. मागच्या वर्षी एका राखणदाराची मांडी फाडली. शेजारच्या सगळ्या शेतकऱ्यांकडे पीक राखणीचा परवाना आहे. बाबांकडेही होता. बाबा पटकीनं गेले, मी विधवा होऊन माहेरी आलेलीच होते, बंदूक माझ्याकडे आली. तिचं मी पुढं काय केलं ते सरकारदरबारी लिहिलेलं आहेच.

धाकट्या बहिणीनं, भामानं, पत्र वाचून विचारलं, "मग आता राहू दे ना, अक्का?"

राहू दे म्हणजे काय? शिक्षा दिली, मी भोगली. आता पुन्हा तीच शिक्षा पत्रानं घरपोच यायला लागली.

२५ ऑगस्ट

अप्पाराव वकिलांकडे गेले. स्टेशनासमोरच बसतात. म्हातारे आहेत, निजामाच्या काळापासून वकिली करतात, निम्मं उर्दूत बोलतात. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, शिक्षा झालेल्याला परवाना देऊच नये असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे."

मी म्हणाले, "मग मर्जी बदलू."

ते हसले. म्हणाले, अपील इथंच हैदराबादेत करता येईल, पण घाई करा. एक नोव्हेंबरला हे राज्य मोडणार. किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार, कागद गाडीत भरून तिकडे जाणार, आणि मग तुमचं अपील कुठल्या गठ्ठ्यात आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

बाबांचा जुना परवाना हवा म्हणाले. घरी येऊन ट्रंक उपसली, सापडला नाही. भामानंही शोधला. तिची आठवण हल्ली कमी झालीय. परवा म्हणाली होती ट्रंकेत आहे, आज म्हणते मी कधी पाहिलाच नाही.

३ सप्टेंबर

एकनाथरावांना भेटले. अठ्ठेचाळीस साली नदीपलीकडे वऱ्हाडात त्यांचा कॅम्प होता. रझाकारांच्या विरुद्ध जे काही केलं ते आम्ही त्यांच्या शब्दावर केलं. लेव्हीच्या, म्हणजे निजाम सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या, धान्याचं गोदाम पहाटे लुटून गावात वाटून टाकायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. मी बाबांची बंदूक घेऊन पुढं होते. डोक्याला फेटा, अंगात बाबांचा सदरा. पहारेकऱ्यानं हात वर उचलला, मी घोडा ओढला, तो पडला. धान्य वाटून झालं. बाकीचे नदी उतरून गेले, मी पाण्यात घसरले आणि धरली गेले.

पोलीस ॲक्शननंतर राजकीय कैदी सुटले. कॅम्पवाल्यांची यादी झाली, त्यात माझं नाव नव्हतं. म्हणून मी दरोडेखोर राहिले आणि बावन्न सालापर्यंत आत राहिले. एकनाथरावांना परवाना आहे. त्यांच्या दिवाणखान्यात बंदूक भिंतीला लावलेली आहे, खाली त्यांचा फोटो.

मी विचारलं, "माझं नाव कसं राहिलं?"

म्हणाले, "गडबड होती, सावित्रीबाई. आणि बाईचं नाव यादीत... लोकांनी काय काय विचारलं असतं."

लोकांनी काय विचारलं असतं ते मला नीट कळलं नाही. पण त्यांनी लगेच कागद घेतला आणि दाखला लिहून दिला: सदर बाई माझ्या आज्ञेने लढल्या. सशस्त्र रझाकार पहारेकऱ्याने बंदूक रोखली, तेव्हा स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली.

त्यानं बंदूक रोखली होती. हात उचलला होता म्हणजे रोखलीच होती.

१० सप्टेंबर

बाबांचा परवाना मिळाला. भामाच्या शिवणाच्या कापडांच्या गाठोड्यात होता, ब्लाउजपिसांच्या घडीत. "चुकून गेला असेल," म्हणाली. सुलतान बाजारच्या दुकानाचं एवढं शिवण करते, डोकं ठिकाणावर कसं राहील?  आम्हा दोघींपैकी जास्त कोणी सोसलं हे मला माहीत आहे. मी आत होते तेव्हा ती इथं मावशीकडे वाढली. मावशी गेली, ती एकटी राहिली. तिची दोन ठिकाणी ठरत आलेली लग्नं मोडली. दरोडेखोराची बहीण म्हणून.

अपील दाखल झालं.

१९ सप्टेंबर

आज अपील ऐकणाऱ्या साहेबांपुढे उभी राहिले. साहेब तरुण आहेत, वाईट वाटले नाहीत. एकनाथरावांचा दाखला वाचला आणि म्हणाले, "हे तुमच्या बाजूचं झालं. ज्याला गोळी लागली त्याचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणाले, "तो जगला का हेच मला माहीत नाही."

"जगला. लाडले मियाँ. इथंच शहरात आहे. आम्ही नोटीस पाठवली होती, पत्त्यावर नाही म्हणून परत आली. तो आला आणि त्याची हरकत नसली तर मला विचार करायला जागा आहे."

बाहेर आल्यावर अप्पाराव म्हणाले, "तो न सापडलेलाच बरा. नाही सापडला असं मी लिहून देतो."

मी नको म्हणाले. मला माणूस शोधता येतो. जो जगला त्याला मी घाबरू कशाला?

आणखी एक. कचेरीचा शिपाई परवा सुनावणीचा निरोप घेऊन घरी आला होता म्हणे, आणि या नावाचं इथं कोणी राहत नाही ऐकून परत गेला. घरी भामा एकटीच होती. तिला तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी काय बोलली कोण जाणे. अप्पारावांनी निरोप दिला म्हणून आज पोचले.

२८ सप्टेंबर

सापडला.

नामपल्ली स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर बसतो. लंगडा चौकीदार, आधी लेव्हीच्या गोदामावर होता, असं विचारत गेले, चहावाल्यानं बोट दाखवलं. दाढी पिकलेली, डावा पाय समोर सरळ पसरलेला. माझ्याच वयाचा असेल.

मी म्हणाले, "लाडले मियाँ?"

"हौ. सायकल कां है?"

"सायकल नाही. पिंपळधऱ्याजवळच्या गोदामावर... ती गोळी माझी होती."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "उस वखत सर पे फेटा था आपके. मैं समझा कोई छोकरा है. अदालत में नाम आया तब मालूम हुआ, औरत है." आणि बाजूचं स्टूल पुढं ढकललं. मी बसले नाही.

मी माझं काम सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आपके कू बंदूक होना. मेरे कू बी होना."

मला वाटलं थट्टा करतो. थट्टा नव्हती. सुलतान बाजारातला एक सराफ त्याला दुकानाच्या दारावर ठेवायला तयार आहे. पायानं अधू असला तरी माणूस विश्वासाचा, हे सराफाला पटलंय. पण दारावरच्या माणसाला बंदुकीचा परवाना लागतो, आणि लाडले मियाँलाही शिक्षा झालेली आहे. पोलीस ॲक्शननंतर. रझाकार होता, लोकांवर बंदूक रोखली, म्हणून एक वर्ष.

"तुम्ही रझाकार नव्हता?"

"मैं चौकीदार था, बाई. मेरे पास बंदूक थीच नै. लाठी थी, वो बी भीत से टिका के रखी थी."

मी म्हणाले, "तुम्ही हात उचलला."

"हौ. चाबी थी हात में. गोदाम की चाबी. ले लेव, मारो नक्को, बोलने वाला था. मुँह से निकला नै."

सायकलवाले येत होते, जात होते. तो प्रत्येकाला बिल्ला देत होता.

मग त्यानं पुढचं सांगितलं. माझ्या खटल्यात निजामाच्या पोलिसांनी लिहिलं की पहारेकरी दरोडेखोरांशी शौर्यानं लढला, त्यानं बंदूक रोखली. तो दवाखान्यात होता, त्याला कोणी विचारलंच नाही. पोलिसांना वाटलं, आपल्या माणसाचं नाव होईल. दोन महिन्यांत राज्य बदललं आणि त्याच ओळीवर त्याला आत घातलं.

"मेरी बहादुरी पे मेरे कू सजा हुई," म्हणाला, आणि हसला. मला हसता आलं नाही.

२९ सप्टेंबर

खोटं बोलत असेल. त्याला नोकरी हवी आहे.

मी ती पहाट पुन्हा पुन्हा आठवते. हात आठवतो. हातात काय होतं ते आठवत नाही. इतकी वर्षं मला बंदूक दिसत होती. आज बंदूक आठवायला गेले तर ती एकनाथरावांच्या भिंतीवरची दिसते.

तरी मी म्हणते, त्या पहाटे आम्ही केलं ते बरोबर होतं. लोक उपाशी होते. धान्य त्यांचंच होतं. हे मी कोणापुढेही सांगेन. पण धान्य घेणं वेगळं आणि तो माणूस वेगळा, हे दोन मी आजवर एकातच बांधून ठेवलं होतं.

भामा विचारत होती, सापडला का तो? मी सगळं सांगितलं. ती शिवत होती ते थांबली. म्हणाली, "अक्का, सगळं होऊन परवाना मिळालाच, तर तिथं शेतात तुझ्याजवळ कोण असेल?"

"बंदूक," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली आणि पुन्हा शिवायला लागली.

६ ऑक्टोबर

लाडले मियाँ घरी आला. काचीगुड्याच्या बसमधून उतरून एवढा लंगडत. भामानं पाणी दिलं. त्यानं सरळच विचारलं: सुनावणीत मी खरं सांगणार का?

"मी खरं सांगितलं की तुमच्या हातात बंदूक नव्हती, तर माझा परवाना जाईल," मी म्हणाले. "मी निःशस्त्र माणसाला गोळी घातली असं होईल."

"और आप नै बोले तो मेरा जाता," तो म्हणाला. "हम दोनों का कागद एकीच है, बाई. उसमें या तो मैं साफ निकलता, या आप."

"तुमची हरकत आहे का मला परवाना द्यायला?"

त्यानं विचार केला. "गए हफ्ते तक रहती. आप खुद चल के आए, इस वास्ते सोचना पड़ रहा." मग पायावर हात ठेवून म्हणाला, "माफ किया बोल के नै आया मैं. ठंडी में ये पाँव मेरे कू सोने नै देता. माफी का पूछो नक्को."

मी म्हणाले, "विचारत नाही."

तो गेल्यावर भामा म्हणाली, "बरा माणूस आहे." मला तो बरा वाटला नाही की वाईट वाटला नाही. अडचण वाटला.

१४ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेला घरात शस्त्र नाही. भामानं आपली कात्री धुऊन पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मला हसू आलं. ती म्हणाली, "हसू नकोस, गेली इतकी वर्षं आपण हिच्यावरच जगलोय."

भिवाजीनं नागपूरला निघताना धाडलेलं कार्ड काल आलं. धम्मदीक्षा घ्यायला चाललाय, घरची सगळी माणसं घेऊन. कणसं भरत आलीत, डुकरं अजून जंगलाच्या कडेलाच आहेत, परवाना लवकर आणा.

१८ ऑक्टोबर

एकनाथराव स्वतः घरी आले. मोटारीतून. अप्पारावांकडून त्यांना कळलं असावं. म्हणाले, "सावित्रीबाई, तुम्हाला झालंय काय? तो रझाकारच होता."

"नव्हता. चौकीदार होता."

"आज आठ वर्षांनी हे उकरून कोणाचं भलं होणार? तुम्ही असं बोललात तर माझा दाखला खोटा ठरतो. सगळ्या कॅम्पवर शिंतोडे उडतात. तुम्ही गप्प राहा, परवाना मी मिळवून देतो. नाहीच मिळाला तर बंदूक माझ्या नावावर घेऊ, तुम्ही राखणदार म्हणून वापरा."

चांगलं बोलले. अडचण सगळी सुटत होती. त्यांच्या नावानं बंदूक, माझं शेत राखलेलं, भिवाजीला दिलेला शब्द पाळलेला.

मी म्हणाले, "तुमच्या यादीत माझं नाव नव्हतं. आता तुमच्या नावाखाली मला बंदूक नको."

ते रागावून गेले. चहा तसाच राहिला. अप्पाराव दुपारी येऊन डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "वकील म्हणून सांगतो, बोलू नका. माणूस म्हणून मला विचारू नका."

मला भीती वाटते आहे. नाही असं लिहिणार नाही. भिवाजीची बायको त्या ज्वारीकडे डोळे लावून बसलीय. मी एका माणसाला न्याय द्यायला जाते आणि दुसऱ्याच्या ताटात माती कालवते, असंही होईल. आज दिवसभर हेच. भामाला विचारलं, तू माझ्या जागी काय करशील? म्हणाली, "मला तू परवान्याशिवायही चालशील." हे काही उत्तर झालं?

२२ ऑक्टोबर

सुनावणी झाली.

लाडले मियाँ धुतलेला पायजमा-शेरवानी घालून आला होता. शेरवानी जुनी, कोपरावर रफू केलेली. साहेबांनी आधी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "साब, पहले बाई को पूछो. मैं बाद में बोलूँगा."

साहेब माझ्याकडे वळले. एकनाथरावांचा दाखला त्यांच्या हातात होता. म्हणाले, "पहारेकऱ्यानं तुमच्यावर बंदूक रोखली, हे खरं?"

मी म्हणाले, "नाही. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. हातात किल्ली होती. तो किल्ली देत होता. मला ते दिसलं नाही आणि मी गोळी घातली."

अप्पारावांनी डोळे मिटले.

साहेब म्हणाले, "बाई, कळतंय ना काय बोलताय? तुम्ही आपल्याच अपिलाच्या विरुद्ध बोलताय."

"अपिलाच्या विरुद्ध नाही. परवाना मला अजून हवा आहे."

"निःशस्त्र माणसावर गोळी घातली हे सांगून?"

"हो. त्याची शिक्षा मला झाली. ती मी पुरी केली. साहेब, शिक्षा संपते की नाही ते एकदा सांगा. संपत असेल तर इतर शेतकऱ्यांना देता तसा मलाही द्या. संपत नसेल तर जन्मठेप म्हणून सांगा, म्हणजे मी समजून राहीन."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. रागावले नाहीत. म्हणाले, "शिक्षा संपते. पण बंदूक देणं म्हणजे शिक्षा संपल्याची पावती नव्हे. बंदूक ज्याच्या हातात देतो त्याच्या समोर उद्या कोण उभं राहील, ते मला बघावं लागतं. त्या माणसाच्या वतीनं विचारणारं इथं कोणी नसतं. मलाच विचारावं लागतं."

हे मला पटलं. पटलं म्हणून आणखी राग आला. मी म्हणाले, "तो माणूस आज इथं उभा आहे. त्यालाच विचारा."

लाडले मियाँ उठला. उठायला त्याला भिंत धरावी लागली. म्हणाला, "मेरा एतराज नै है. डरता बी हूँ, झूट नै बोलता. बंदूक इनके हात में देखा तो मेरा पाँव पीछे जाएगा. पर जंगली सुवरों का हक मेरे से जियादा नै है ना, साब."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत, सगळं लिहून घेतलं. निकाल नंतर कळवू म्हणाले.

बाहेर जिन्यावर लाडले मियाँ म्हणाला, "आपका काम बिगड़ गया."

"बहुतेक," मी म्हणाले.

त्याला जिना उतरता येत नव्हता. मी हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही, कठड्याला धरून उतरला. मी त्याच्या वेगानं मागून उतरले.

२९ ऑक्टोबर

निकाल: अपील फेटाळलं. निःशस्त्र माणसावर गोळी झाडल्याचं बाईंनी स्वतः मान्य केलं आहे. त्यांच्या सच्चेपणाची नोंद घेण्यात येते, तथापि परवाना देणं उचित वाटत नाही.

त्याच निकालात पुढं लिहिलंय की पहारेकरी लाडले मियाँ याच्याजवळ शस्त्र नव्हतं व त्यानं प्रतिकार केला नाही, हे शाबीत झालं. अप्पाराव म्हणाले, या एका वाक्यावर त्याची शिक्षा रद्द होण्याचा अर्ज ते फुकट चालवणार आहेत. त्याला परवाना मिळेल असं त्यांना वाटतं.

मला हेवा वाटला. लिहून ठेवते. घरी येताना मी काचीगुडा स्टेशनच्या बाकावर बसले आणि चांगली रडले. गाड्या येत होत्या, कोणी बघितलं नाही. सच्चेपणाची नोंद. ती घेऊन मी डुकरांना दाखवू का?

मग उठले. भिवाजीचं पीक उभं आहे. मी येईन म्हणाले होते, बंदूक घेऊन येईन असं म्हणाले होते हे खरं, पण आधी येईन असं म्हणाले होते.

भामाला निकाल सांगितला. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला उमगलं नाही. तिनं एकदम स्वयंपाकाला सुरुवात केली आणि गोडाचं केलं. मी म्हणाले, हरल्यावर गोड? म्हणाली, "दिवाळी जवळ आलीय ना."

मी म्हणाले, परवा निघते, बंदुकीशिवाय. ती म्हणाली, "मग मीपण येते. चार दिवस."

३१ ऑक्टोबर, रेल्वेत

हैदराबाद राज्याचा आज शेवटचा दिवस. स्टेशनवर कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं, सगळे दिवाळीच्या गाठोड्यांत. भामानं शिवणाचं मशीन बरोबर घेतलंय. हमालाला वर चढवताना घाम फुटला. चार दिवसांसाठी मशीन कशाला, मी विचारलं. म्हणाली, हात रिकामा राहिला की तिला करमत नाही. दुकानाची कापडं मात्र परत देऊन आली होती. मग शिवणार काय?

निघताना लाडले मियाँ फलाटावर आला होता. मला वाटलं आभार मानायला. म्हणाला, "शुक्रिया बोलने नै आया. आप जो बोले, वो आठ बरस पहले बोलना था." मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं." तो म्हणाला, "वो बी सच है." मग खिडकीतून भामाला म्हणाला, "इनका खयाल रखो." गाडी हलली तरी तो उभा होता.

५ नोव्हेंबर, पिंपळधरा

शेत पाहिलं. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलीय. एका कोपऱ्यात डुकरं शिरून गेलीत, पण बाकी उभी आहे. भिवाजीनं जयभीम केला, पाठीमागं त्याच्या बायकोनंही केला, नवी साडी नेसून. मी सांगितलं, परवाना नाही मिळाला. त्यानं शेतावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "तुम्ही आल्या ना, बाई. दोघांचे चौघं झालो."

दिवाळीनंतरची कचेरी आज उघडली, तशी किनवटला जाऊन तहसिलीत उभी राहिले. नवा अर्ज. कारकून जुनाच, पाटी नवी. म्हणाला, "बाई, हैदराबादनं नाकारलंय ना?"

मी म्हणाले, "ते राज्य गेलं. तुमच्या राज्याकडे मी अजून काही मागितलेलंच नाही."

"शिक्षा झालीय?"

"झाली. भोगली. ज्याला गोळी लागली तो निःशस्त्र होता. त्याची हरकत नाही. सगळं लिहा, पुढं कोणाला शोधायचे कष्ट नकोत."

तो म्हणाला, "निकाल लागायला वर्षसुद्धा लागेल."

"लागू द्या. पुढच्या वर्षीही ज्वारी पेरायचीच आहे."

१२ नोव्हेंबर

आज दिवस मावळायच्या सुमाराला डुकरं आली. पंधरा-वीस तरी असतील, पिलं वेगळी. भिवाजी आणि त्याची बायको नदीच्या अंगाला, आम्ही दोघी राखणीच्या माळ्यावर. मी रॉकेलचा रिकामा डबा बडवायला घेतला. भिवाजीनं पलीते पेटवले. कळप थबकला, पण मागं फिरेना. पुढचा मोठा नर तोंड वर करून आमच्याकडेच बघत होता. माझे हात आपोआप खांद्याकडे गेले, जिथं बंदूक असायची. तिथं काही नव्हतं. मी डबा आणखी जोरानं बडवला.

तेवढ्यात भामा माळ्यावर उभी राहिली आणि ओरडली. शब्द नव्हते त्यात. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. पदर पडला, केस सुटले, तरी ओरडत होती. आधी मला वाटलं भ्यायली. मग पाहिलं तर तशी नव्हती. डुकरं वळली. आधी पिलं, मग माद्या, शेवटी तो नर. जंगलात शिरेपर्यंत ती ओरडत राहिली.

मग खाली बसली आणि म्हणाली, "अक्का, तुला परवाना मिळाला असता ना, तर तू मला घेऊन आली नसतीस."

मी डबा हातात धरून बसले होते. ब्लाउजपिसांतला परवाना, परत गेलेला शिपाई, हरल्यावरचं गोड, किती तरी गोष्टी एकामागोमाग डोक्यात आल्या आणि जागच्या जागी बसल्या. रागवावं की काय करावं, कळेना. मी म्हणाले, "अर्ज मी मागं घेणार नाही, भामा."

"घेऊ नकोस," ती म्हणाली. घसा पार बसला होता तिचा. "मिळाला तर मला चालवायला शिकव."

एवढी वर्षं एका खोलीत राहिलो आणि तिला एवढा मोठा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं.